वऱ्हाडातला अर्धा र

‘वऱ्हाड’ हा शब्द संगणकावर कोण कसा लिहितो, हे पाहत राहण्याचा मला जुना नाद आहे. अंजनगाव सुर्जीतल्या डीटीपीच्या दुकानांत लावलेले लग्नपत्रिकांचे नमुने पाहा, नाहीतर मोबाइलवर फिरणारी निमंत्रणे. कुठे ‘ह’च्या डोक्यावर रफार चढवून ‘वर्हाड’ केलेले असते, तर कुठे र आडवा, नीट बसलेला असतो. हा केवळ टंकणाऱ्याचा निष्काळजीपणा असता, तर एवढे खोलात जाण्याचे कारण नव्हते. धागा ओढत गेलो, तर तो विंडोजच्या पोटात पोहोचला आणि तिथे एक मराठी कवी भेटला.

मायक्रोसॉफ्टची ही प्रणाली १९८५ची. तिचे पुढचे अवतार सगळ्यांना ठाऊक आहेत. विंडोज ९५ आणि ९८ला देवनागरी मुळात कळतच नव्हती. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांनी त्या काळात आपली छपाई तारून नेली, पण फाइलच्या आत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. तोच फॉन्ट समोरच्याकडे नसला, की मजकुराची निव्वळ रांगोळी होई. फेब्रुवारी २०००मध्ये विंडोज २००० आली आणि तिच्यात देवनागरी प्रथमच देवनागरी म्हणून साठू लागली.

२००१च्या एक्सपीत ही सोय होती, पण झाकलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जायचे, ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकोनात खूण करायची आणि मागितली की मूळ सीडी घालायची. एमएस-सीआयटीच्या वर्गांमधून तालुक्या-तालुक्यांत विंडोज शिकली गेली, ती नेमकी याच वर्षांत. त्या एका खुणेवर काय अवलंबून होते, ते आमच्या ‘सुर्जी’वरून कळते. संगणक र, हलन्त, ज, दीर्घ वेलांटी असे उच्चाराच्या क्रमाने साठवतो. त्यातला र उचलून ‘जी’च्या डोक्यावर रफार म्हणून ठेवण्याचे काम विंडोजमधला युनिस्क्राइब हा भाग करतो. तो निजलेला असला, की र पाय मोडून वेगळा पडे आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाई.

युनिस्क्राइब अक्षरे जुळवतो, पण त्यांचे आकार फॉन्टमधून येतात. विंडोज २०००सोबत आलेला तो फॉन्ट ‘मंगल’, आणि मायक्रोसॉफ्टच्या नोंदीत त्याच्यापुढे नाव आहे रघुनाथ जोशी. म्हणजे आपले र. कृ. जोशी. जन्म १९३६चा. उल्का या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शन, १९८३पासून आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन, पुढे एनसीएसटीत, म्हणजे आजच्या सी-डॅक मुंबईत, टंकरचना. मराठी कविता आणि सुलेखन या दोन्ही प्रांतांत त्यांचा वावर होता. बोरू धरणाऱ्या या माणसाने साठीच्या उंबरठ्यावर संगणकाच्या अक्षरांत उडी घेतली आणि देवनागरीवर न थांबता इतर भारतीय लिप्यांचे विंडोजचे फॉन्टही त्यांच्या दिग्दर्शनाखाली घडले. ५ फेब्रुवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ते गेले. त्यांची अक्षरे रोज पाहणाऱ्या लाखो लोकांना त्यांचे नाव माहीत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आता आपला अर्धा र. साधा र, हलन्त आणि ह असे टंकले, तर नियमाने रफारच येणार. आडव्या र साठी युनिकोडने नुक्ता असलेला ‘ऱ’ नेमला आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबले की तो उमटतो. पण युनिकोडच्या जुन्या, १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून आणखी एक वाट ठेवली गेली: साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही ‘वऱ्हाड’ सारखेच दिसतात. आत मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. एक शोधला, तर साध्या शोधात दुसरा सापडेलच असे नाही. गावांच्या, माणसांच्या, शेतांच्या नावांची यादी करणाऱ्या प्रत्येक कचेरीने एकच वाट पक्की करायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा सल आकारांचा. मंगलमधले ल आणि श हिंदी वळणाचे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात मराठी वळणाचे ल आणि श प्रमाण ठरवले. पण विंडोजसोबत आलेला फॉन्ट कुणी परस्पर दुरुस्त करायचा नाही, असे तिचा परवाना बजावतो. लिपी सगळ्यांची आणि तिचे रोजचे रूप एका कंपनीच्या मालकीचे, ही गोष्ट मला पटत नाही. जोशींचेच ‘रघू’ हे दुसरे देवनागरी टंक मुक्त परवान्याखाली आले. ते कुणीही उघडावे, बदलावे, वाटावे. शाळांमधून आधी ते पोहोचायला हवे होते.

२०१२मध्ये विंडोज ८ने ‘निर्मला’ आणला आणि पडद्यावरची मंगलची जागा त्याला मिळाली. विंडोज १०पासून मंगल ऐच्छिक झाला. जुन्या अर्जाचा नमुना उघडल्यावर ओळी सरकलेल्या दिसल्या, तर सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जावे, देवनागरीच्या पूरक फॉन्टांच्या संचात तो आहे.