बिनतारी ईसीजी : अभियांत्रिकी शिक्षणातील उपयुक्त प्रयोग

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २००१ मध्ये उपग्रहाद्वारे रुग्णालये जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. रुग्णाची माहिती दूरच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे हे अभियंत्यांचेही काम आहे, हे त्यातून दिसून आले. पदवी अभ्यासक्रमात मात्र संवेदक, बिनतारी संदेशवहन आणि संगणकाची आज्ञावली हे विषय बहुधा सुटे शिकवले जातात. बिनतारी ईसीजीच्या प्रयोगात ते एकत्र येतात.

छातीवरील त्वचेवर मिळणारा हृदयाचा विद्युत संकेत जेमतेम एक मिलिव्होल्टचा असतो. वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण त्यात सहज मिसळते. ती गाळून संकेत ब्लूटूथद्वारे मोबाइलवर पाठवणे विद्यार्थ्यांना जमते. खरी अडचण पुढेच आहे. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातील पाण्यात बऱ्याच शोषल्या जातात, त्यामुळे मोबाइल मागच्या खिशात ठेवला तरी काही माहिती गळू शकते. शरीरालगतच्या जाळ्यांसाठी २०१२ मध्ये आयईईई ८०२.१५.६ हे स्वतंत्र मानक प्रसिद्ध झाले.

पडद्यावर सरळ रेषा दिसली, तर हृदय थांबले की संपर्क तुटला? आज्ञावलीने हा फरक दाखवलाच पाहिजे. खोटे इशारे वारंवार मिळाल्यास परिचारिकांचे खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होते. म्हणून माहितीच्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक व वेळ जोडतात आणि इलेक्ट्रोड सुटल्याची वेगळी खूण ठेवतात. लेखी परीक्षेपेक्षा हे प्रयोगशाळेतच नीट उमगते.

प्रयोगाचे उपकरण बॅटरीवरच चालवावे. शरीराला जोडलेल्या तारांचा घरगुती विजेशी संबंध येणे धोक्याचे असते. सुरुवातीला माणसाऐवजी कृत्रिम ईसीजी संकेत देणारे यंत्र वापरणे इष्ट.