डहाणूकरांनी सुट्टीला जायचे कुठे?

शनिवारी सकाळी डहाणू रोड स्थानकावर थोडा वेळ उभे राहिले की एक गंमत दिसते. विरारकडून आलेल्या लोकलमधून पाठीवर सॅक अडकवलेले मुंबईकर उतरतात आणि बोर्डी, घोलवड, नरपडला जाणाऱ्या रिक्षांकडे धावतात. त्यांना समुद्र हवा असतो, सुरूची सावली हवी असते, चिकूच्या वाडीतली खाट हवी असते. समोरच्या फलाटावर आपण डहाणू-तलासरीकर उभे असतो. आपल्याला मुंबईत काम असते. कुणाला दाखला आणायचा असतो, कुणाला केईएममध्ये नातेवाइकाला भेटायचे असते, कुणाला लग्नाचा बस्ता बांधायचा असतो. डहाणूत येऊन विश्रांती कशी घ्यावी यावर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत दर हिवाळ्यात लिहून येते. इथेच राहून आठवडाभर राबणाऱ्याने कुठे जावे, यावर मात्र कुणी लिहीत नाही.

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो दवाखान्यात. तलासरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतल्या शिक्षिका डोकेदुखी घेऊन आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय ४२. दुपारनंतर डोके जड होते, रात्री तीनला जाग येते ती येतेच, आणि चिडचिड इतकी की मुलगा समोर यायला घाबरतो, असे त्या म्हणाल्या. रक्तदाब ठीक होता. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ९.६ निघाले. डोळे तपासायला पाठवले, तर जवळचा चष्मा लागला होता. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, चष्मा आला. दीड महिन्याने डोकेदुखी निम्मी झाली. झोप आणि चिडचिड मात्र होती तिथेच.

मी विचारले, ‘‘मॅडम, शेवटचं बाहेर कधी गेला होतात?’’

‘‘बाहेर ना? गेल्या आठवड्यातच. पालघरला, ट्रेनिंगला.’’

त्यांनी हे अगदी प्रामाणिकपणे सांगितले. शाळेच्या आवारातच त्यांची खोली आहे. शाळा सुटली तरी मुले असतातच, कारण ती तिथेच राहतात. संध्याकाळी कुणाला ताप येतो, कुणी रुसून जेवत नाही. रविवारी आळीपाळीने ड्युटी. नवरा वापीच्या कंपनीत आहे आणि त्याची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते. म्हणजे नोकरी आणि घर यांच्यात त्यांना ओलांडायला उंबराच नाही.

जर्मनीतल्या मानसशास्त्रज्ञ सबीना सॉनेंटाग यांनी कामाचा शीण कसा उतरतो याचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. २००७ मध्ये त्यांनी शार्लोट फ्रिट्झ यांच्यासोबत हा शीण उतरण्याचे मोजमाप करणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात चार गोष्टी आहेत. डोक्यातून काम निघून जाणे, शरीर-मन सैल होणे, कामाव्यतिरिक्त काहीतरी नवे शिकणे-जमणे, आणि आपला वेळ आपल्या मर्जीने घालवता येणे. यातली पहिली सगळ्यात अवघड. सुट्टीच्या दिवशी माणूस कुठे बसला आहे यापेक्षा त्याच्या डोक्यात काय चालू आहे, यावर सोमवारची सकाळ ठरते. या बाईंच्या खोलीच्या खिडकीतून शाळेची घंटा दिसते. तिथे बसून डोक्यातले काम जाणार कसे?

‘‘डॉक्टर, लोक पैसे मोजून इकडे येतात, आणि तुम्ही मला मुंबईला जा म्हणता?’’ त्या हसल्या. शंका रास्त आहे. झाडे, पाणी, मोकळी हवा यांनी मन शांत होते, याला भरपूर आधार आहे. पण ज्याच्या दारातच झाडे आहेत, त्याला कमी पडते ती दुसरी गोष्ट, बदल. एरन हेलर आणि कॅथरीन हार्टली यांच्या गटाने न्यूयॉर्क आणि मायामीतल्या १३२ लोकांच्या हालचाली त्यांच्या संमतीने जीपीएसवर तीन-चार महिने नोंदवल्या आणि त्यांना मधूनमधून मनःस्थिती विचारली. हा अभ्यास २०२० मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये आला. ज्या दिवशी माणूस अधिक वेगवेगळ्या, नव्या जागी फिरला, त्या दिवशी त्याने स्वतःला अधिक आनंदी म्हणून नोंदवले. मुंबईकराला आपला किनारा नवा आणि आपल्याला त्याचे नाट्यगृह. यात विसंगती काहीच नाही.

आता थोडे थंड पाणीही ओतायला हवे. सुट्टीचा परिणाम टिकत नाही. नेदरलँड्समध्ये जेसिका द ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चार-पाच दिवसांच्या छोट्या सुट्ट्यांचा अभ्यास केला. सुट्टीत तब्येत आणि मन सुधारले, पण कामावर परतल्यावर ती सुधारणा लवकरच ओसरली. लांब सुट्ट्यांचेही साधारण तसेच दिसते. त्यामुळे वर्षभर दात-ओठ खाऊन काम करायचे आणि मे महिन्यात आठ दिवस काश्मीर करायचे, या हिशेबात फार दम नाही. जेवण साठवता येत नाही, झोप साठवता येत नाही, तसेच हे. महिन्या-दीड महिन्यातून एकदा, छोटे, खिशाला परवडणारे, असे जमले तर अधिक उपयोगाचे. काश्मीरला जाऊ नका असे मी म्हणत नाही, फक्त त्याच्यावर अकरा महिन्यांचा भार टाकू नका.

छोटी सहल बिघडते कशी, हे मी स्वतःवरून सांगू शकतो. काही वर्षांपूर्वी मी बायको-मुलांना घेऊन शनिवारी पहाटेच्या गाडीने मुंबई गाठली. गेटवे, वस्तुसंग्रहालय, क्रॉफर्ड मार्केट, दादरला साड्या, सिद्धिविनायकाची रांग, रात्री चौपाटी. रविवारी उरलेली यादी. रविवारी दुपारी जम्बो ब्लॉक लागला आणि जलद गाड्या धीम्या मार्गावर आल्या. विरारला डहाणूची लोकल डोळ्यांदेखत गेली. रात्री उशिरा घरी पोचलो. सोमवारी दवाखान्यात मीच रुग्णासारखा दिसत होतो. बायकोने विचारले, ‘‘आपण फिरायला गेलो होतो की बदली झाली होती?’’

एका डच अभ्यासात (येरून नावाइन, २०१०) १५३० लोकांची विचारपूस झाली. परतल्यानंतर, न जाणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदी कोण होते? ज्यांची सहल ‘अगदी निवांत’ झाली, तेवढेच. बाकीचे आणि घरी राहिलेले यांत फरक नव्हता. सहलीला जाणाऱ्यांचा आनंद खरे तर निघण्याआधी, वाट पाहण्यात अधिक होता. म्हणून पुढच्या वेळचे तिकीट आधीच काढून ठेवावे. पंधरा दिवस तो कागद पाहूनही बरे वाटते.

डहाणू रोडहून चर्चगेट सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली आणि जाणे-येणे सोपे झाले, तरी विरारच्या पुढे गाड्या कमीच आहेत. तलासरीकराला तर आधी एसटी किंवा रिक्षाने संजाण, उंबरगाव किंवा डहाणू गाठावे लागते. दोन दिवसांत सात-आठ तास प्रवासात गेले तर उरते काय? बाईंना मी म्हटले, दादर-चर्चगेट विसरा. बोरिवलीपर्यंतच जा. तिथे त्यांची मावशी राहते. शनिवारी दुपारी निघायचे, संध्याकाळी मावशीकडे पोचायचे, रात्री प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात एक नाटक बघायचे. एकच. रविवारी सकाळी वाटले तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीची लेणी, नाही वाटले तर मावशीच्या गॅलरीत चहा. दुपारच्या गाडीने परत, दिवेलागणीला घरात.

मुक्कामाला मावशीच का, हॉटेल का नाही? पैसे हे एक कारण. दुसरे अधिक मजेदार आहे. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हा अनुभव सगळ्यांचाच. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मासाको तमाकी आणि युका सासाकी यांच्या गटाने २०१६ मध्ये त्याचे कारण दाखवले. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांची गाढ झोप सारखी नसते. डावा अर्धगोल अर्धवट जागा राहून आवाजांवर लक्ष ठेवतो, घरातल्या राखणदारासारखा. आपल्या सहलीत रात्रच एक, आणि तीही पहिली! म्हणून दर वेळी नवी लॉज शोधण्यापेक्षा ओळखीच्या, पुन्हापुन्हा जाता येईल अशा घरी उतरावे. घरची उशी पिशवीत टाकली तर कुणी हसणार नाही. हसले तर हसू द्या.

रविवारी उठण्याची वेळही रोजच्यापेक्षा तासभरच उशिरा असावी. रोज साडेपाचला उठणारा रविवारी दहाला उठला की त्याच्या शरीराचे घड्याळ पुढच्या देशात जाऊन येते. म्युनिकचे टिल रोनेबर्ग यांच्या गटाने याला ‘सोशल जेटलॅग’ असे नाव दिले आहे. सोमवारची मरगळ बऱ्याचदा कामाची नसून या घड्याळाची असते.

नाटकच का, असेही बाईंनी विचारले. लंडनच्या डेझी फॅनकोर्ट आणि अँड्र्यू स्टेप्टो यांनी इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या ६७१० लोकांचा १४ वर्षांचा पाठपुरावा २०१९ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध केला. दर काही महिन्यांनी नाटक, संग्रहालय, मैफल अशा ठिकाणी जाणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचे प्रमाण, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्के कमी होते. वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्यांमध्ये १४ टक्के कमी. आकडा मोठा आहे, म्हणून जपून वाचा. ज्याच्याकडे पैसा, तब्येत आणि सोबत आहे, तोच नाटकाला जातो. संशोधकांनी हा भाग गणितातून बराच वजा केला, तरी नाटकाने आयुष्य वाढते असे सिद्ध झालेले नाही. एवढे मात्र खरे, की अंधारात दोन तास फोन बंद ठेवून दुसऱ्याच्या संसारात डोके घालणे, हा डोक्यातले काम काढण्याचा अगदी सोपा उपाय आहे.

निघण्यापूर्वीचे दहा मिनिटांचे काम मात्र टाळू नये. अर्धवट राहिलेली कामे कागदावर लिहायची, आणि प्रत्येकापुढे ती सोमवारी कधी, कशी करणार हे लिहायचे. मसिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये प्रयोगांतून दाखवले, की काम पूर्ण न करताही नुसती नेमकी योजना केली तरी ते काम मनात घुसायचे थांबते. बाईंनी शिष्यवृत्तीच्या याद्यांपुढे ‘सोमवार, दुसरा तास’ असे लिहिले.

खरी अडचण वेगळीच निघाली. ‘‘रविवारी मी गेले तर घरचं कोण बघणार?’’ २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या भारतीय स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे बायकांच्या रविवारला सुट्टी म्हणायचे का, हाच प्रश्न आहे. बँकेत दुसरा-चौथा शनिवार मोकळा असतो, राज्य सरकारी कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. पण घराला कुठलाच आठवडा नाही. यावर माझ्याकडे गोळी नाही. मी त्यांच्या यजमानांना पुढच्या खेपेला सोबत बोलावले आणि लोहाच्या गोळ्यांइतक्याच गंभीरपणे सांगितले, की दोन वेळचा स्वयंपाक त्यांनी आणि मुलाने करायचा. ते म्हणाले, ‘‘डाळ-भात येतो मला.’’ डाळ-भात पुरे.

आपल्याकडचे जे लोक रोज पहाटे लोकल पकडून मुंबईला नोकरीला जातात, त्यांना हे सगळे सांगायची माझी हिंमत नाही. त्यांनी रविवारी स्थानकाचे तोंडही पाहू नये. झोपावे, संध्याकाळी पारनाक्याच्या किनाऱ्यावर बसावे. ज्यांना एकच दिवस सुट्टी असते त्यांनीही मुंबईचा हट्ट धरू नये. तलासरीहून वापी, वलसाड जवळ पडते, सुरतही एका दिवसात होते आणि हिवाळ्यात तिथला उंधियू मिळतो. आणि ज्यांना दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटते, कशातच रस वाटत नाही, झोप-भूक गेली आहे, त्यांनी सहलीवर विसंबू नये. डॉक्टरांना भेटावे, किंवा सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेला १४४१६ वर फोन करावा. तो मोफत आहे.

बाई शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिकेला घेऊन गेल्या. नाटक यथातथाच होते म्हणाल्या, मावशी रात्री एकपर्यंत बोलत बसली, कान्हेरी राहिलीच. तीनला जाग आली का? ‘‘आली, पण परत झोप लागली.’’ नंतरच्या दोन महिन्यांत त्या आणखी एकदा जाऊन आल्या. या वेळी धीर करून थेट काळा घोड्याला, जहांगीर आर्ट गॅलरीत. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. आपल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशांची चित्रे सत्तरच्या दशकात याच इमारतीतल्या एका दालनात लागली होती, हे मी त्यांना आधी सांगितले होते. त्यांच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या घरात लग्नाचा चौक लिहिला जातो. सोमवारी त्यांनी मुलांना ती गोष्ट सांगितली.

परवा त्या गोळ्या घ्यायला आल्या होत्या. हिमोग्लोबिन ११.४. जाताना दारातून वळून म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, पेपर तुमच्याकडे लवकर येतो. येत्या रविवारी जम्बो ब्लॉक कुठं आहे, बघता का जरा?’’