घरी राहणाऱ्या वृद्धांच्या आरोग्यविषयक गरजा

रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात न राहता स्वतःच्या घरी राहणाऱ्या ६० वर्षे व त्यापुढील व्यक्तींना लागणारी वैद्यकीय देखरेख, शुश्रूषा व दैनंदिन साहाय्य यांचा या गरजांत समावेश होतो. २०११च्या जनगणनेनुसार या वयोगटाचे प्रमाण भारतात ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होते.

स्वरूप

उच्च रक्तदाब, मधुमेह, संधिवात, मोतीबिंदू, श्रवणदोष व स्मृतिभ्रंश हे या वयातील प्रमुख विकार आहेत. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस ठरावीक वेळाने न बदलल्यास शय्याव्रण होतात. ही शुश्रूषा बहुधा घरातील स्त्रियाच करतात.

शासकीय तरतुदी

२०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरी भेट देण्याची आणि काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांना मार्गदर्शन करण्याची तरतूद आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत (२०२४) ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना चष्मा, श्रवणयंत्र, काठी इत्यादी साधनांसाठी एकवेळ ३,००० रुपये दिले जातात. त्याच वर्षी आयुष्मान भारत योजना ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना लागू झाली. तिचे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांना आहे. घरातील दीर्घकालीन शुश्रूषेचा खर्च कुटुंबावरच पडतो.

ग्रामीण संदर्भ

मिरजगाव हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण कर्जत तालुक्यातील, अहिल्यानगर–सोलापूर महामार्गावरील गाव आहे. जिल्हा रुग्णालय अहिल्यानगर शहरात आहे. चालता न येणाऱ्या वृद्धाला तेथे नेण्यासाठी वाहन आणि सोबतीला माणूस लागतो. मुले रोजगारासाठी बाहेरगावी असल्यास हे दोन्ही मिळणे कठीण होते. अशा गावांत नियमित गृहभेटीचे महत्त्व त्यामुळे अधिक आहे.