खानेसुमारीतील अनाम आया : जुन्या नोंदींतून पूर्वजांचा माग कसा लागतो

१ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणाऱ्या जनगणनेत देशातील घराघराची माहिती नोंदली जाणार आहे. मात्र पणजी-खापरपणजीचा शोध घेऊ पाहणाऱ्या पुढच्या पिढ्यांना ती उघडून पाहता येणार नाही. जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ नुसार प्रगणकाने केलेल्या नोंदी पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि या गोपनीयतेला कालमर्यादाही नाही. ब्रिटिश अमदानीतील खानेसुमारीचे छापील खंड ग्रंथालयांत मिळतात. पण त्यांत जिल्हे, जाती, व्यवसाय आणि आकडे आहेत, माणसांची नावे नाहीत.

त्यामुळे एक विचित्र स्थिती निर्माण झाली आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत राहणाऱ्या एखाद्या सामान्य स्त्रीची खुणेपुरती नोंद मुंबईत नव्हे, तर लंडनच्या कागदपत्रांत सापडण्याची शक्यता अधिक असते. अर्थात, ती आया म्हणून समुद्र ओलांडून गेली असेल तरच.

रजेवर किंवा कायमचे मायदेशी परतणारी इंग्रज कुटुंबे प्रवासात मुलांना सांभाळण्यासाठी मुंबई, कलकत्ता, मद्रास येथून आया नेत असत. (‘आया’ हा शब्द मूळचा पोर्तुगीज, ‘आई’शी त्याचा संबंध नाही.) बोट किनाऱ्याला लागली की काही आयांना परतीच्या भाड्याविनाच निरोप दिला जाई. अशा निराधार स्त्रियांसाठी लंडनमध्ये ‘आयांचे वसतिगृह’ चालत असे. ते १९०० मध्ये हॅकनी भागातील २६, किंग एडवर्ड्स रोड या घरात गेले. २०२२ मध्ये त्या घरावर स्मृतिफलक लागला.

ब्रिटनच्या खानेसुमारीतील व्यक्तिगत नोंदी शंभर वर्षांनी खुल्या होतात. १८४१ पासूनची नावे पाहता येतात. मात्र त्या वर्षी प्रौढांची वये साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली गेली, म्हणजे ४४ वर्षांचा माणूस कागदावर ४० चा झाला. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्मस्थळ हे रकाने उपयोगी पडू लागतात. १९११ पासून तर घरमालकाने स्वतः भरलेला तक्ताच जपलेला आहे.

आयेचा शोध घेताना मात्र नावाचा रकानाच सर्वांत कमी कामाचा ठरतो. मालकाच्या आडनावापुढे ‘आया’ एवढेच लिहिलेले असते, किंवा ‘मेरी आया’सारखे मालकांच्या सोयीचे नाव. तिचे खरे नाव विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही, हे त्या कोऱ्या रकान्यावरून उघड दिसते. म्हणून जाणकार शोधक उलट बाजूने जातात : आधी मालकाचे कुटुंब, मग त्या घरातील नोकरवर्ग, त्यात जन्मस्थळ ‘भारत’ वा ‘मुंबई’ असलेली स्त्री.

तरीही खानेसुमारी म्हणजे दहा वर्षांतील एकच रात्र. १९०१ ची गणना ३१ मार्चच्या रात्रीची होती. त्या मे महिन्यात लंडनला उतरून वर्षभरात परतलेली आया कोणत्याच गणनेत येत नाही. लंडन सिटी मिशनच्या मासिकात पेरेरा नावाच्या एका आयेने चोपन्न वेळा हा प्रवास केल्याचा उल्लेख आहे. एवढी वर्षे समुद्रावर काढलेल्या स्त्रीचाही गणनेच्या रात्री ठावठिकाणा लागेलच असे नाही.

ही पोकळी वृत्तपत्रे भरून काढतात. मुंबईची इंग्रजी पत्रे आगबोटींनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांच्या याद्या छापत. ‘अमुक साहेब, मडम, दोन मुले व आया’ अशी एक ओळ मिळाली की बोटीचे नाव आणि तारीख हाती येते. त्यावरून ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील, १८७८ पासूनच्या आगमन-याद्यांकडे वळता येते. लंडनच्या पत्रांतील छोट्या जाहिराती तर त्याहून बोलक्या : अनुभवी आया मुंबईस परतू इच्छिते, प्रवासात मुले सांभाळील. तिथे ती प्रथमच स्वतःच्या गरजेने छापील जगात येते.

जुळणी करताना घाई घातक ठरते. आडनाव जुळले एवढ्यावर विसंबू नये. वृत्तपत्रातील जन्मवार्तेवरून बाळाचे वय काढावे, ते खानेसुमारीतील वयाशी ताडून पाहावे, शिवाय बोटीची तारीखही जुळते का ते पाहावे. दोन स्वतंत्र तपशील जुळेपर्यंत सापडलेली स्त्री आपली पणजी मानू नये. संगणकीय शोधावरही फार भरवसा नको. पुसट टंकामुळे यंत्र शब्द चुकीचे वाचते आणि जुन्या मराठी पत्रांच्या बाबतीत तर अनेकदा एकेक पान उलटण्यावाचून इलाज नसतो. हे काम कंटाळवाणे खरे, पण ते टाळून पुढे गेलेल्या वंशावळींत भलत्याच घराण्याचे पूर्वज शिरतात.

घरातल्या वस्तूंनाही येथे मोल आहे. मालकिणीने दिलेले शिफारसपत्र किंवा मुलांसोबतचे छायाचित्र ट्रंकेत निघाले, तर मालकाचे नाव कळते आणि सारा शोध तिथून सुरू करता येतो. निराधार आयांच्या परतीच्या भाड्याचा पत्रव्यवहार लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयातील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहे. भारतातील सरकारी कागदांसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ पाहता येते.

१९२१ ची ब्रिटिश खानेसुमारी जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची कागदपत्रे डिसेंबर १९४२ मधील आगीत जळाली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे गणनाच झाली नाही. त्यामुळे शंभर वर्षांच्या नियमानुसार पुढची, म्हणजे १९५१ ची गणना २०५२ मध्ये खुली होईल. तोवर १९२१ नंतर गेलेल्या आयांचा माग काढायचा तो बोटींच्या याद्यांतून आणि वृत्तपत्रांच्या पिवळ्या पडलेल्या पानांतूनच.