ओतलेलं पाणी पोचलं का?

स्वयंचलित पर्जन्यमापक बंद पडला तर मला फारशी काळजी वाटत नाही. रकाना रिकामा दिसतो, कुणीतरी फोन करतं, मी दुरुस्तीला निघते. झोप उडवतो तो दर तासाला वेळेवर ‘शून्य’ पाठवणारा. पाऊस नाही म्हणून शून्य, की नरसाळ्यात पाला अडकलाय म्हणून शून्य, हे त्या आकड्यावरून कळत नाही. कोयनेच्या डोंगरपट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. धरणातून पाणी कधी, किती सोडायचं हे ठरवताना असे आकडे लागतात. खाली सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. 2019च्या ऑगस्टमध्ये नदी 57 फुटांवर गेली होती.

म्हणून मे महिना आमच्या धावपळीचा. हवामान खात्याच्या पद्धतीची बरीच केंद्रं नेमून दिलेल्या क्षणी छोटासा संदेश 402 मेगाहर्ट्झच्या आसपास इन्सॅट मालिकेतल्या उपग्रहाकडे सोडतात. तिथून तो पुण्याच्या ग्रहणकेंद्रात उतरतो. अनेक केंद्रं एकाच लहरीवर आपापल्या पाळीनं बोलतात, त्यामुळे घड्याळ जीपीएसवर लावलेलं असतं. ते सरकलं की आपला संदेश दुसऱ्याच्या संदेशावर आदळतो आणि दोन्ही वाया जातात.

ॲन्टेनाकडे जाणारी आणि तिथून उलट परतणारी पॉवर मी मीटर लावून बघते. परतणारी वाढली, तर बहुतेकदा जोडात पाणी शिरलेलं असतं. केबल पेटीत जाण्याआधी तिला खाली झोळ दिलेला असावा, म्हणजे ओघळणारं पाणी तिथंच ठिबकतं. बॅटरीही ट्रान्समीटर चालू असतानाच मोजायची. एरवी 12.6 व्होल्ट दाखवणारी बॅटरी संदेश जाताना साडेदहावर येते, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

एका केंद्रावर सौर पॅनेलवर जांभळाची फांदी आली होती. राखणदार तात्या म्हणाले, “ताई, चालतंय की चांगलं. कशाला तोडताय?”

“उन्हाळ्यात चालणारच, तात्या. जुलैत आठ-आठ दिवस ऊन नसतं, तेव्हा काय करायचं?”

फांदी त्यांनीच कोयत्यानं उतरवली.

सगळ्यात मोलाची चाचणी मात्र पाण्याची. नरसाळ्याचं तोंड 200 चौरस सेंटिमीटरचं असेल, तर 20 मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. आतलं छोटं दुहेरी पात्र दर अर्ध्या मिलिमीटरला कलंडतं, चुंबक स्विचसमोरून जातं, एक ठोका नोंदला जातो. आधी नरसाळं काढून कुंभारमाशीचं मातीचं घर खरवडायचं. मग अर्धा लिटर पाणी अर्ध्या तासात, थेंबथेंब सोडायचं: 50 ठोके, 25 मिलिमीटर. तेवढंच पाणी पुन्हा दहा मिनिटांत सोडलं की दोन-तीन ठोके कमी भरतात, कारण पात्र कलंडतानाही धार चालूच असते. घाटातला मुसळधार पाऊस नेमका असाच कमी मोजला जातो. म्हणून हा फरक नोंदवून पुढे दुरुस्ती लावावी लागते.

देखभालीच्या करारात किती केंद्रं चालू एवढंच बघतात, हे मला पटत नाही. पाणी ओतून पाहिलं का, हेही विचारायला हवं.

पाण्याची चाचणी झाली की पुढच्या पाळीची वाट बघत मी तिथंच थांबते. संदेश गेला की ग्रहणकेंद्राला फोन लावून आकडा विचारते. तो जुळला, तरी त्या नोंदीवर ‘चाचणी’ असा शेरा मारून घेतल्याशिवाय फोन ठेवत नाही, नाहीतर मेमधला न पडलेला पाऊस कायमचा नोंदीत राहतो.