अंकुशी रुपया

पेशवाईत मुख्यतः पुण्याच्या टाकसाळीत पाडलेले चांदीचे नाणे. त्यावरील अंकुशाच्या चिन्हावरून हे नाव रूढ झाले. नाणे मराठी राज्याचे असले, तरी त्यावरील लेख फार्सी असून तो मोगल बादशहा दुसरा शाह आलम याच्या नावाचा आहे. टाकसाळीचे नाव ‘मुहियाबाद पूना’ असे येते. १८१८ नंतरही ईस्ट इंडिया कंपनीने तो काही वर्षे चालू ठेवला. १८३५ मध्ये कंपनीचा एकच रुपया सर्वत्र लागू झाल्यावर जुने रुपये मुशीत जाऊ लागले.

नाणे जुने म्हणजे मौल्यवान, ही समजूत खरी नव्हे. अंकुशी रुपया विपुल पाडला गेल्याने त्याची सामान्य प्रत दुर्मिळ नाही. मात्र ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे लेखाचा काही भागच नाण्यावर उमटे. साहजिकच सन, टाकसाळीचे नाव व अंकुश ही तिन्ही स्पष्ट असलेल्या प्रतीस संग्राहक अधिक किंमत देतात. दागिन्यासाठी जोडलेली कडी किंवा चिंचेने घासून आणलेली चकाकी यांमुळे मूल्य घटते. कस पाहण्यासाठी सराफांनी मारलेल्या खुणांनीही ते उतरते. इतिहासकाराला मात्र त्या खुणा चलनाचा पुरावा म्हणून मोलाच्या वाटतात. ओतीव बनावट नाण्याच्या कडेवर पुष्कळदा सांध्याची रेघ आढळते.

दहा रुपयांहून अधिक मूल्याचे भूमिगत धन सापडल्यास १८७८ च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. असा साठा परस्पर सोनाराकडे गेल्यास कोणती नाणी एकत्र चालत होती, हे कळण्याचे साधन नष्ट होते.