ठेका धरणारा सेनापती

१३ ऑगस्ट १९४८, शुक्रवार. बर्लिनवर ढग इतके खाली उतरले होते की उंच घरांची छपरंही दिसेनात, आणि पावसाचा जोर असा की रडारच्या पडद्यावर विमान कुठलं आणि सर कुठली हे कळेना. टेम्पलहॉफ विमानतळावर एक सी-५४ मालवाहू विमान धावपट्टी ओलांडून खड्ड्यात गेलं आणि पेटलं. मागून उतरणाऱ्याने समोर आग बघून करकचून ब्रेक दाबले, त्याचे टायर फुटले. तिसरा वैमानिक चुकून अर्धवट बांधलेल्या धावपट्टीवर उतरला आणि तिथेच गरकन फिरला. माणसं वाचली. पण खाली उतरायची वाट तुंबली होती, आणि वर तीन हजार फुटांपासून बारा हजार फुटांपर्यंत कोळशाने आणि पिठाने भरलेली विमानं थरावर थर घिरट्या घालत होती. पश्चिमेकडून त्यात नव्यांची भर पडतच होती.

त्यातल्याच एका विमानात मेजर जनरल विल्यम टनर बसले होते. सोव्हिएत नाकेबंदीत अडकलेल्या पश्चिम बर्लिनला विमानांनी माल पोचवणाऱ्या साऱ्या हवाई पुलाची जबाबदारी त्यांच्यावर होती. ते निघाले होते एका छोट्याशा समारंभाला. बर्लिनच्या एका वृद्ध नागरिकाने कृतज्ञता म्हणून आपलं सोन्याचं घड्याळ देऊ केलं होतं आणि ते एका वैमानिकाला प्रदान करायचं होतं. टनरनी रेडिओ हाती घेतला आणि नियंत्रण मनोऱ्याला हुकूम दिला : माझ्या वरची आणि खालची सगळी विमानं परत पाठवा, आणि मग मला उतरवा. मनोऱ्यातल्या माणसाचा कानांवर विश्वास बसेना. हुकूम पुन्हा सांगावा लागला. उपाशी शहराच्या डोक्यावर आलेला शेकडो टन माल तसाच माघारी गेला.

मला टनर या माणसाची ओढ लागली ती या हुकमापासून. एका दिवसाचा माल सोडून देऊन त्यांनी पुढचे चारशे दिवस वाचवले.

रसद म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, पानिपतावर अडकलेल्या फौजेची रसद आटली, आणि १४ जानेवारीला भाऊसाहेबांचं सैन्य रणात उतरलं ते उपासमारीने खंगून. लढाईच्या बखरी तलवारीच्या बाजूने लिहिल्या जातात; धान्याची गोणी कुणी, किती वेळेवर पोचवली याची नोंद सहसा कुणी ठेवत नाही. टनर यांचं सारं आयुष्य या न नोंदल्या जाणाऱ्या कामात गेलं.

न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावी १९०६ साली त्यांचा जन्म झाला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून १९२८ मध्ये बाहेर पडून ते वैमानिक झाले. त्या काळात लढाऊ आणि बॉम्बफेकी विमानांना मान होता. मालवाहू विमान चालवणं म्हणजे दुय्यम काम, कुणाला तरी करावं लागतं म्हणून करायचं. दुसऱ्या महायुद्धात टनर यांच्याकडे कारखान्यातून निघालेली नवी विमानं जगभरच्या तळांवर पोचवणाऱ्या विभागाची सूत्रं आली. माणसं कमी पडत होती. सप्टेंबर १९४२ मध्ये नॅन्सी हार्कनेस लव्ह यांच्या नेतृत्वाखाली अनुभवी महिला वैमानिकांचं पथक उभं राहिलं ते याच विभागात. काम कोण करतं यापेक्षा ते वेळेवर आणि धडपणे होतं की नाही, हे पाहण्याची टनर यांची सवय तेव्हापासूनची.

ऑगस्ट १९४४ च्या अखेरीस ते आसामात आले. जपानने ब्रह्मदेश घेतल्यापासून चीनकडे जाणारा जमिनीवरचा रस्ता तुटला होता. चबुआ, दिनजान, मोहनबारी, जोरहाट, तेजपूर अशा चहामळ्यांच्या मुलखातल्या तळांवरून इंधनाची पिंपं, दारूगोळा, औषधं विमानात भरायची आणि पटकाईच्या रांगा, त्यामागचे आणखी उंच डोंगर ओलांडून सुमारे आठशे किलोमीटरवरच्या कुनमिंगला नेऊन टाकायची. या डोंगरभिंतीला वैमानिक ‘हंप’ म्हणत, म्हणजे वशिंड. खाली जंगलात कोसळलेल्या विमानांचे पत्रे इतके चमकत की त्या वाटेला अ‍ॅल्युमिनमची वाट असं नाव पडलं. चीनमध्ये पोचणाऱ्या दर हजार टनांमागे तीन अमेरिकन जीव जात होते, असा हिशेब टनर यांनीच पुढे मांडला.

अपघातांचं खापर हवेवर आणि डोंगरांवर फोडणं सोपं होतं. टनरनी वह्या उघडल्या. साडेसहाशे तासांचं उड्डाण पुरं झालं की वैमानिकाला घरी पाठवायचं, असा नियम होता. त्यामुळे पोरं जिवावर उदार होऊन महिन्याला दीडशेहून अधिक तास उडत, चार महिन्यांत घर गाठायचं म्हणून. डोळ्यांत झोप घेऊन हिमालयाच्या कडेने उडणारी ती पोरं डोंगराइतक्याच त्या नियमानेही मारली जात होती. मार्च १९४५ पासून टनरनी मर्यादा साडेसातशे तासांवर नेली आणि त्याला निदान वर्षभर मुक्कामाची अट घातली. घाई करण्यात आता कुणाचा फायदा उरला नाही. छावणीत शिव्याशाप झाले, ‘चाबूकवाला विली’ हे नाव पक्कं झालं, आणि अपघात उतरले.

देखभालीतही त्यांनी तेच केलं. पूर्वी एकेका विमानामागे एकेक मेकॅनिक सगळी कामं करी. टनरनी एका तळावर एकाच जातीची विमानं ठेवली आणि विमानच एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर ओढत नेण्याची पद्धत बसवली. एका थांब्यावर धुणं, दुसऱ्यावर इंजिन, तिसऱ्यावर विजेच्या तारा, आणि प्रत्येक ठिकाणी त्या एकाच कामात हात बसलेली टोळी. मलेरियाने माणसं आडवी होत होती, म्हणून बॉम्बफेकी विमानांतून डासांवर फवारणी करवली. दाढ्या करायला लावल्या, संचलनं सुरू केली. जंगलात खितपत पडलेल्या माणसाला आपण अजून सैनिक आहोत, हे आठवायला आरसा आणि इस्त्रीही उपयोगी पडते, ही त्यांची ठाम समजूत होती.

ते आले त्या ऑगस्टमध्ये चीनला सुमारे २३ हजार टन माल गेला होता. जुलै १९४५ मध्ये ७१ हजार टन गेला. अपघातांचं प्रमाण १९४४ च्या जानेवारीत दर हजार उड्डाण-तासांना जवळपास दोन होतं. जुलै १९४५ मध्ये ते ०.३६ वर आलं. १ ऑगस्ट १९४५ रोजी तर चोवीस तासांत १,११८ फेऱ्या झाल्या, ५,३२७ टन माल पोचला आणि एकही अपघात झाला नाही. माल तिपटीने वाढला आणि मरणं घटली, या दोन्ही गोष्टी एकाच उपायाने झाल्या, हे टनर यांच्या कारकिर्दीचं मर्म आहे.

तीन वर्षांनी तोच धडा बर्लिनमध्ये कामी आला. २४ जून १९४८ रोजी सोव्हिएत रशियाने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. वीस लाखांहून अधिक माणसं आत अडकली. आकाशातल्या तीन वाटा तेवढ्या करारानुसार खुल्या होत्या, प्रत्येक सुमारे बत्तीस किलोमीटर रुंद. जर्मनीतल्या अमेरिकी क्षेत्राचे लष्करी प्रमुख जनरल क्ले यांनी लगेच विमानं सुरू केली, पण शहर जगवायला रोज निदान साडेचार हजार टन माल हवा होता आणि हाताशी होती तीन-साडेतीन टन वाहणारी डकोटा विमानं. जुलैच्या अखेरीस टनर येऊन बघतात तो धावाधाव, आरडाओरडा, जागरणं आणि प्रचंड उत्साह. त्यांना तो उत्साहच धोक्याचा वाटला.

मैफलीत गायक ताना घेतो, टाळ्या घेतो. तबल्यावरचा माणूस ठेका धरून बसलेला असतो. तो अर्धी मात्रा सरकला तर सगळं कोसळतं, आणि तो बरोबर असला तर कुणाला त्याची आठवणही येत नाही. टनर यांना हवाई पुलात असा ठेका हवा होता. दिवसाची मिनिटं १,४४०. दर तीन मिनिटांना एक विमान उतरलं तर एका धावपट्टीवर दिवसाला ४८० विमानं उतरतात. सगळा कारभार त्यांनी या तीन मिनिटांभोवती बांधला.

त्या काळ्या शुक्रवारी खाली उतरताच त्यांनी सोबतच्या दोन जाणत्या वैमानिकांना बर्लिनमध्येच बसवलं : हा घोटाळा पुन्हा होणार नाही अशी व्यवस्था सापडेपर्यंत हलायचं नाही. नियम ठरले ते असे. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या वाटेने यायचं, मधल्या वाटेने परतायचं. ऊन असो की धुकं, उड्डाण उपकरणांवरच. वेग ठरलेला, उंची ठरलेली. आणि सगळ्यांत मोठा नियम : पहिल्या प्रयत्नात उतरता आलं नाही तर दुसरा प्रयत्न नाही, माल घेऊन सरळ घरी. बर्लिनवर घिरट्या कायमच्या बंद झाल्या. अमेरिकेच्या बाजूने डकोटा काढून दहा टन वाहणारी सी-५४ विमानं आणली, कारण सगळ्यांचा वेग सारखा असेल तरच तीन मिनिटांचं अंतर टिकतं.

जमिनीवर त्यांनी वैमानिकांना विमान सोडून जायला मनाई केली. नाश्त्याची गाडी विमानाशी येई, हवामानाचा माणूस जीपमधून विमानाशी येई, आणि तोवर जर्मन हमालांची टोळी दहा टन कोळसा उतरवून टाकी. पाव नेण्याऐवजी पीठ नेलं जाई, कारण पावात पाणी फार. बटाटे वाळवून, मांस हाडं काढून. मिठाने विमानाचे पत्रे खाल्ले जातात म्हणून ते ब्रिटिशांच्या सागरी विमानांतून नेऊन हाफेल नदीच्या पाण्यावर उतरवलं.

मेकॅनिक कमी पडले तेव्हा टनरनी जर्मन मेकॅनिक मागितले. युद्ध संपून जेमतेम तीन वर्षं झाली होती. कालपर्यंत ज्यांची विमानं पाडायची, त्यांच्या हाती आपली इंजिनं द्यायची? त्यांनी परवानगी मिळवली. हान्स-डेटलेफ फॉन रोडन या जर्मन हवाई दलाच्या माजी जनरलने मेकॅनिक जमवले, माहितीपुस्तकांची भाषांतरं करवली, आणि शत्रूचे हात आपल्याच शहराच्या पोटासाठी राबू लागले. टेगेल इथे नवा विमानतळ सुमारे तीन महिन्यांत उभा राहिला, तो युद्धात पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यातून. खडी फोडायला सतरा हजारांवर बर्लिनकर होते, त्यांत बायका पुष्कळ. गेल हॅल्वर्सन या वैमानिकाने परवानगीशिवाय हातरुमालांच्या छत्र्या करून मुलांसाठी चॉकलेटं टाकली, तेव्हा शिस्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या टनरनी त्याला थांबवलं नाही, उलट त्याचा उपक्रम वाढवला. तिथे त्यांचा चाबूक बाजूला राहिला.

एप्रिल १९४९ मध्ये ईस्टरच्या वेळी त्यांनी चोवीस तास फक्त कोळसा वाहून दाखवला. १,३९८ उड्डाणं, १२,९४१ टन. महिन्याभरात, १२ मे रोजी, रशियाने नाकेबंदी उठवली. बर्लिन रस्त्यावर आलं, नाचलं. विमानं मात्र दर काही मिनिटांनी उतरतच राहिली, थेट ३० सप्टेंबरपर्यंत, शहराची कोठारं भरेस्तोवर. एकूण दोन लाख सत्त्याहत्तर हजारांहून अधिक फेऱ्या आणि सुमारे २३ लाख टन माल.

हा सगळा खटाटोप सुरू व्हायच्या बरोबर महिनाभर आधी, २४ मे १९४८ रोजी, आपल्याकडे एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन लेहला डकोटा उतरवलं होतं. साडेअकरा हजार फुटांवरची कच्ची पट्टी, वाटेचे नकाशे नाहीत, ऑक्सिजनची सोय नाही. लडाख वाचलं ते त्या उड्डाणाने खुल्या केलेल्या वाटेमुळे. ती वाट उघडायला मेहर सिंगांची छाती लागते. मग त्याच वाटेने रोज, धुक्यात आणि बर्फात, वर्षानुवर्षं धान्य आणि रॉकेल पोचवायला टनर यांच्यासारखी माणसं लागतात. पहिल्याला आपण महावीर चक्र दिलं, आणि ते योग्यच झालं. दुसऱ्या जातीच्या माणसांना आपण ओळखतही नाही. हंपचे चबुआ, मोहनबारी, जोरहाट, तेजपूर हे तळ आज भारतीय हवाई दलाकडे आहेत आणि पूर्वेच्या ठाण्यांना रसद पोचवण्याचं काम तिथून चालतं.

१९५० मध्ये टनर कोरियात होते. डिसेंबरात चोसिनच्या थंडीत वेढल्या गेलेल्या अमेरिकी मरीन सैनिकांची वाट एका उडवलेल्या पुलापाशी अडली, तेव्हा टनर यांच्या विमानांनी पुलाचे आठ लोखंडी भाग छत्र्यांनी खाली सोडले. भाग जोडले गेले आणि माणसं, जखमी, गाड्या पार झाल्या. पुढे लष्करी हवाई वाहतुकीचे प्रमुख झाल्यावर स्वतंत्र, आधुनिक मालवाहू विमानांसाठी ते निवृत्त होईपर्यंत, म्हणजे मे १९६० पर्यंत, भांडत राहिले. १९८३ मध्ये ते वारले.

टेम्पलहॉफसमोर १९५१ पासून एक स्मारक उभं आहे. पश्चिमेकडे वाकलेली, मधेच तुटल्यासारखी काँक्रीटची कमान, आणि तिच्या टोकाला तीन फासळ्या, त्या तीन हवाई वाटांच्या. बर्लिनकरांनी तिला नाव ठेवलं ‘भुकेचं दाताळं’. पायथ्याशी नावं कोरली आहेत, ३९ ब्रिटिश आणि ३१ अमेरिकन. पावणेतीन लाखांवर फेऱ्यांमागे एवढी. टनर यांचं काम मोजायचं तर ही यादी वाचावी, आणि त्या शुक्रवारी ढगातून माघारी फिरलेल्या विमानांतली किती नावं तिच्यात आली असती, याचा विचार करावा.